सालीची मूठ

मंडळी, बाजारात कोयता घ्यायचा झाला तर आपण आधी पाते बघतो. टिचकी मारून नाद ऐकतो, धारेवर आडवा अंगठा फिरवतो. मुठीचे काय, ती सुतार घालून देईल! आज आपल्याला एका अशा सुरीची हकिगत सांगतो, की जिच्या मुठीला पात्याइतकाच मान आहे. आणि ती मूठ आहे झाडाच्या सालीची.

युरोपच्या उत्तरेला फिनलंड देश आहे. तिथल्या खेडुताच्या कमरेला कातडी म्यानात एक आखूड सुरी असते. तिला म्हणतात 'पूक्को'. पाते जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर. लाकूड तासायला, मासा साफ करायला, दोर कापायला हीच एक सुरी. पश्चिमेकडचे काउहावा गाव या सुऱ्यांसाठी नावाजलेले आहे.

आता साल कशासाठी? तिथे उत्तरेकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. उघड्या हाताने लोखंड धरले तर कातडी चिकटून बसते! साल मात्र हाताला ऊबदार लागते, आणि ओल्या हातातूनही निसटत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात कोयत्याची लाकडी मूठ सुकून हलू लागली की आपण ती पाण्यात घालून फुगवतो. ही साल पाणीच फारसे पीत नाही. तिच्यात बेट्युलिन नावाचा पांढरा पदार्थ असतो, तो पाणी दूर ठेवतो. म्हणून तिकडे जुन्या घरांच्या छपरांतही मातीखाली हीच साल अंथरीत.

हे झाड आपल्याला अगदीच परके नाही बरं का. गुरुजी वर्गात 'भूर्जपत्र' हा शब्द सांगतात ना? काश्मिरात ज्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्या हिमालयातल्या भूर्जाचेच हे उत्तरेकडचे भाऊबंद.

मूठ करतात ती अशी. सालीचे चौकोनी तुकडे कापायचे, मधोमध भोक पाडायचे, आणि पात्याच्या मागच्या निमुळत्या दांडीवर एकेक ओवायचे. साल एक-दीड मिलिमीटर जाडीची. तेव्हा एका मुठीला सत्तर-ऐंशी तुकडे सहज लागतात. मग दोन्ही टोकांना धातूच्या चकत्या घालून करकचून दाबायचे आणि दांडीचे टोक ठोकून पसरायचे. पुढे कानशीने घासून हाताजोगा आकार द्यायचा. बोटाने दुमडणारी साल, पण दाबली की लाकडासारखी टणक होते.

साल काढतात उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात रस चढलेला असताना. वरच्या थराला उभी चीर दिली की तो आपसूक सुटतो. आतल्या सालीला मात्र पाते लागता कामा नये. झाडाचे अन्न तिच्यातून खाली उतरते; ती गोल कापली गेली तर झाड वाळते. नीट काढली तरी ती पांढरी साल पुन्हा येत नाही, काळा खरबरीत पट्टा उरतो. फिनलंडमध्ये दुसऱ्याच्या रानात हिंडायला, बोरांसारखी रानफळे तोडायला सर्वांना मुभा आहे. साल काढायला मात्र मालकाची परवानगी लागते.

तेव्हा गुरुजी, मुलांना हे दाखवायचे तर शाळेपुढच्या झाडाला हात लावू नका. जुन्या पुठ्ठ्याच्या तीस-चाळीस चकत्या कापा, लांब बोल्टात ओवा, दोन्हीकडे वायसर घालून नट आवळा आणि वरून काचकागद फिरवा. मग एकेका मुलाच्या हातात द्या आणि विचारा, हा पुठ्ठा आता वाकतो का?