बारशिंगा पाहायला जायचे तर

श्रोतेहो, वऱ्हाडच्या शिवारात रोही दिसतो, काळवीट दिसते. मेळघाटात सांबर आणि चितळ भेटते. बारशिंगा मात्र आपल्याकडे नाही. त्यासाठी मध्य प्रदेशातले कान्हाचे जंगल गाठावे लागते. गंमत अशी, की १९५६ पर्यंत अमरावती आणि कान्हाचा मंडला जिल्हा एकाच राज्यात होते, आणि नागपूर ही राजधानी होती.

पूर्वी लोक हरणामागे बंदूक घेऊन जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट बंद केली. पण त्याआधीच, १९७० साली, कान्हात अवघे ६६ बारशिंगे उरले होते. शिकार हे एक कारण. दुसरे कारण गवताचे. हा प्राणी जवळजवळ गवतावरच जगतो, आणि मादी आपले पाडस उंच गवतात लपवते. गवत जळाले, चरले गेले, की पाडस उघडे पडते. पुढे सौंफसारख्या गावांनी आपली जागा सोडली, त्या शिवारांत पुन्हा गवत वाढले. कुंपणाच्या आत काही जनावरे राखली गेली. आज त्यांची संख्या कित्येक शेकड्यांत आहे. त्या गावकऱ्यांनी केवढे सोडले, हेही मुलांना सांगा बरं का!

आता प्रवासाचा बेत. आधी ऋतू ठरवा. पावसाळ्यात जंगलाचा गाभा बंद असतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम, तेव्हा नरांची शिंगे पूर्ण वाढलेली असतात आणि त्यांची हाळी ऐकू येते. मग परवाना काढा. तो मध्य प्रदेश वनविभागाकडे संगणकावरून आधीच काढावा लागतो आणि त्यावर विभागाचे नाव असते. कान्हा किंवा मुक्की विभाग मागा. बारशिंग्याची गवताळ मैदाने तिथे आहेत. एका जीपमध्ये सहाच प्रवासी बसतात, म्हणून गुरुजींनी मुलांची संख्या बेताचीच ठेवावी. ओळखपत्र मूळ न्यावे.

नांदगाव पेठेहून बडनेरा गाठा. तिथून विदर्भ एक्सप्रेसने गोंदिया, आणि पुढे बालाघाट, बैहर करीत मोटारीने मुक्की. पहाटे उघड्या जीपमध्ये थंडी अंगात शिरते. कानटोपी आणि घोंगडी विसरू नका.

शिक्षक बंधुभगिनींनो, निघण्यापूर्वी एक धडा वर्गातच घ्या. बैलाचे किंवा काळविटाचे शिंग जन्मभर टिकते. बारशिंग्याचे दरवर्षी गळते आणि नवे फुटते. त्याला दहा-बारा टोके असतात, कधी अधिकही. रानात गळलेले शिंग दिसले तरी उचलायचे नाही; तेही सरकारी मालमत्ता आहे. मुलांनी ते वहीत काढावे, टोके मोजावीत, आणि शेजारी '१९७०: ६६' एवढे लिहून ठेवावे.