भावी चित्रकला शिक्षकांना सल्ला कोण देणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी प्रवेशाची चर्चा सुरू होते. अभियांत्रिकीकडे वा वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या मुलाला सल्ला देणारे दहा जण भेटतात. ज्याला चित्रकलेचा शिक्षक व्हावयाचे आहे, त्याच्या वाट्याला मात्र बहुधा एकच वाक्य येते : ‘हात चांगला आहे, ए. टी. डी. करून टाक.’ एवढ्या शिदोरीवर तो कलाशिक्षक पदविकेच्या वर्गात दाखल होतो. पुढची दोन वर्षे वस्तुचित्रे, संकल्पचित्रे, सराव पाठ आणि परीक्षा यांत निघून जातात. आपण नेमके कशासाठी तयार होत आहोत, हा प्रश्न त्याने कोणाला विचारावा याची सोय मात्र कोठेच नसते.

पूर्वी ही उणीव जाणवत नसे, कारण गुरु-शिष्यांचा सहवासच सल्ल्याचे काम करीत असे. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. तेथे १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून आलेले म. वि. धुरंधर पुढे तेथेच शिक्षक झाले आणि ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या नावाने त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांच्या जडणघडणीत ग्रिफिथ्स यांच्यासारख्या गुरूचा वाटा किती मोठा होता, हे कलाक्षेत्राला ठाऊक आहे. १९६५ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाले आणि आज पदविकेचे वर्ग मुंबईबाहेरही अनेक गावी चालतात. शिक्षण खेड्यापाड्यांतील मुलांच्या आवाक्यात आले, ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु सहवासातून आपोआप मिळणारे मार्गदर्शन या विस्तारात मागे पडले आणि त्याची जागा सूचनाफलकाने घेतली. सूचनाफलक शुल्काची तारीख सांगू शकतो, आयुष्याची दिशा सांगू शकत नाही.

या विद्यार्थ्याला सल्ल्याची गरज तीन ठिकाणी लागते. पहिले ठिकाण सराव पाठाचे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांमधून तयार झालेल्या तरुणाला रेषेची अचूकता, भूमिती आणि अक्षरलेखन यांचे संस्कार मिळालेले असतात. ते मोलाचे आहेत. परंतु सहा वर्षांचे मूल चित्र काढते ते या नियमांनी नव्हे. घरापेक्षा आई मोठी काढणारे मूल चुकत नसते, ते आपल्या मनातील महत्त्वाचे माप कागदावर उतरवीत असते. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बालचित्रांच्या विकासाचे टप्पे मांडले, त्याला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली. तरीही प्रशिक्षणार्थी पहिल्याच पाठात मुलाची रेघ पुसून आपली रेघ ओढताना दिसतो. त्याच्या पाठाला गुण देणारे निरीक्षक असतात. ‘ती रेघ तू का पुसलीस?’ असे शांतपणे विचारणारा अध्यापक क्वचितच असतो. गुणदान आणि सल्ला यांतील अंतर ते हेच.

दुसरे ठिकाण उपजीविकेचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी निदेशकाची तरतूद आहे. परंतु ती सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळांपुरती, आणि तीही अंशकालीन. लहान गावातील लहान शाळेत या कायद्यान्वये चित्रकलेसाठी स्वतंत्र माणूस येत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी. एड. ही शिक्षकपदाची किमान पदवी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आज पदविकेला प्रवेश घेणाऱ्या मुलाला हे दोन्ही मुद्दे पहिल्याच महिन्यात समजावयास हवेत. पदविकेनंतर पुढील शिक्षण कोणते, दृश्यकलेच्या पदवीची वाट वेगळी कशी, तिची प्रवेशपरीक्षा कोणती, हे त्याला वेळेत कळले तर तो आखणी करू शकेल. पदविका हातात पडल्यावर कळले तर त्याच्या पदरी पश्चात्ताप येईल. रंग, कागद आणि खोलीभाडे यांसाठी ज्याच्या वडिलांनी कर्ज काढले, त्याला ही वर्षे परत मिळत नाहीत.

तिसरे ठिकाण सर्वांत नाजूक. या वर्गात खरा पिंड चित्रकाराचा असलेली काही मुले असतात आणि शिक्षकपण त्यांना ओझे वाटते. उलट, ज्यांचा हात मध्यम आहे पण मुलांत रमण्याची विलक्षण हातोटी आहे, अशीही काही असतात. गुणपत्रिका पहिल्यांचे कौतुक करते आणि दुसऱ्यांना नाउमेद करते. कोणाची वाट कोणती, हे जवळून पाहणारी वडीलधारी नजरच ओळखू शकते.

यावर आक्षेप येईल, की अध्यापकांच्या जागा रिकाम्या, आहेत त्यांच्यावर कामाचा भार, त्यात ही नवी जबाबदारी कोणी घ्यावी? आक्षेप खरा आहे, पण मागणी अवाढव्य नाही. प्रत्येक अध्यापकाकडे ठरावीक विद्यार्थी सोपवावेत आणि दोन वर्षांत त्या प्रत्येकाशी किमान तीनदा निवांत बोलावे : प्रवेशानंतर लगेच, पहिल्या सराव पाठानंतर आणि अखेरच्या सत्राच्या आरंभी. बोलण्याची नोंद एका वहीत राहावी, म्हणजे पुढची भेट मागच्या भेटीला धरून होईल. शाळांत नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा बोलावून प्रत्यक्ष कामाचे स्वरूप सांगावयास लावावे. याला पैसा फारसा लागत नाही, इच्छा लागते.

एक धोका मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. जागा भरण्याची चिंता असलेली संस्था प्रवेशापूर्वी खरे बोलेलच, असे नाही. म्हणून सल्लागार अध्यापकाला ‘हा अभ्यासक्रम तुझ्यासाठी नाही’ असे सांगण्याचीही मुभा असली पाहिजे. सल्ल्याने नोकऱ्या निर्माण होत नाहीत, हेही मान्य. जागा निर्माण करणे हे शासनाचेच काम आहे आणि त्याचा आग्रह सोडता कामा नये. परंतु जागा नाहीत हे मुलापासून लपविणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

चित्रकलेचा तास हा शाळेतील असा एकच तास आहे की जेथे मुलाने दिलेले उत्तर शेजारच्या मुलाच्या उत्तरासारखे नसावे, अशी अपेक्षा असते. त्या तासाला उभा राहणारा शिक्षक प्रत्येक मुलाकडे वेगळे पाहू शकला पाहिजे. ज्याच्याकडे स्वतःच्या प्रशिक्षणाच्या काळात कोणी वेगळे पाहिलेच नाही, त्याने ही दृष्टी कोठून आणावी? महाविद्यालयाने त्याचे ऐकले, तरच तो उद्या वर्गातल्या मुलाचे ऐकेल.