निवडणूक रोखे: देणगीदाराचे नाव आणि मतदाराचा हक्क

कंपनीने राजकीय पक्षाला देणगी दिली, तर तिचे नाव मतदाराला कळायला हवे. निवडणूक रोख्यांनी नेमके तेच झाकले. जानेवारी २०१८ मध्ये ही योजना लागू झाली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून एक हजार ते एक कोटी रुपयांचे रोखे मिळत. पक्षाने ते १५ दिवसांत वटवायचे. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नसे; अतिनील प्रकाशाखालीच दिसणारा एक क्रमांक मात्र असे.

पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येई. २०१७ मध्ये ही मर्यादा उठली आणि तोट्यातल्या कंपनीलाही वाट मोकळी झाली.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच सदस्यीय घटनापीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराचा माहितीचा हक्क तिने डावलला होता. रोख्यांचा तपशील देण्याचा आदेश मिळाल्यावर स्टेट बँकेने त्यासाठी ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारली. मार्चमध्ये रोखे घेणाऱ्यांच्या आणि ते वटवणाऱ्या पक्षांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या, नंतर रोख्यांवरचे क्रमांकही आले. ते जुळवल्यावर कोणत्या कंपनीचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला, हे नागरिकांना प्रथमच पाहता आले.