शिर्डी ते दिल्ली: अंतर १,०२५ किलोमीटर, मग दोन तास कशाला?

आजचा विषय मावशीमुळे सुचला. तिला शिर्डीहून दिल्लीला आणि तिथून पुढे अमृतसरला जायचं होतं. दोन्ही तिकिटं मीच काढली, वेगवेगळी. शिर्डी-दिल्लीच्या तिकिटावर जवळपास दोन तास लिहिलेले. मी म्हटलं, उगाच वाढवून लिहितात, सव्वा तासात पोचेल. पुढचं विमान चुकलं आणि त्या तिकिटाचे पैसे गेले.

माझं गणित बघा. शिर्डीचा विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे. तिथून दिल्ली साधारण ८.९ अंश उत्तरेला. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे ९८७. रेखांशात फरक २.७ अंशांचा, उत्तरेकडे जाताना रेखांश जवळ येतात, म्हणून इथे एका अंशाला १०१ च्या आसपास, म्हणजे २७५. आता शाळेतला पायथागोरस लावा: सुमारे १,०२५ किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ८०० धरला, तर १ तास १७ मिनिटं.

अंतर बरोबर होतं. चुकला तो वेळ. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि दिल्लीत जागेवर थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, वर चढताना आणि खाली उतरताना कमी असलेला वेग, ठरलेल्या हवाई मार्गाची वळणं, दिल्लीवर उतरायची रांग, सगळं त्यात येतं.

हा वरचा खर्च छोट्या प्रवासात जास्त जाणवतो. १ ऑक्टोबर २०१७ ला शिर्डी विमानतळ सुरू झाला, तेव्हा मुंबईला पंख्याचं एटीआर विमान जायचं. सरळ अंतर १७० किलोमीटरच्या आसपास. ताशी ५०० ने वीस मिनिटं. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त.

आणि हवामान वेगळंच. नोव्हेंबर २०१९ मध्ये नीट दिसत नसल्यामुळे शिर्डीची उड्डाणं बरेच दिवस रद्द होत होती. हिवाळ्यात दिल्लीचं धुकं तर ठरलेलंच.

मग करायचं काय? ढोबळ अंदाज हवा असेल तर अंतर भागिले ८०० करा आणि अर्धा-पाऊण तास मिळवा. पण तिकीट काढताना छापलेली वेळच खरी धरा. पुढचं विमान असेल तर शक्यतो दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या; उशीर झाला तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची राहते. वेगळी तिकिटं असतील तर बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते, कधी टर्मिनलही बदलतं. मध्ये किमान चार तास ठेवा.

नगरकरांनो, घर ते काकडी हा वेळही धरा बरं का! आपला नगर-मनमाड रस्ता कुठल्याच सूत्रात बसत नाही.

मावशी पोचली, दुसऱ्या दिवशी. आता तिकिटं ती स्वतः काढते. भेटू पुढच्या भागात!