जंतूंच्या घरचे विरजण

महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेला कराडला कोयना समोरासमोर येऊन भेटते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते. हरिपूरच्या पुढे वाहणारे पाणी कोणा एका उगमाचे राहत नाही. रोगजंतूंच्या गुणसूत्राचेही असेच आहे. त्यात पूर्वजांकडून आलेली जनुके असतात, तशीच वाटेत कोणाकडून तरी घेतलेलीही असतात.

माणसाला वारसा मिळतो तो आईवडिलांकडून. जीवाणूंना मात्र शेजाऱ्याकडूनही मिळतो, मग तो शेजारी वेगळ्या जातीचा का असेना. एका घरातून दुसऱ्या घरी वाटीभर विरजण जावे, तशी ही देवघेव चालते. विरजण दिल्याने आपले दही संपत नाही आणि शेजारी मात्र उद्यापासून स्वतःचे दही लावू लागतो. जीवाणूही जनुकाची नक्कल देतो आणि मूळ प्रत स्वतःपाशी ठेवतो.

या देवघेवीची साधने मुख्यतः तीन. पहिले प्लाझ्मिड, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे कडे. ते एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते. दुसरे ट्रान्सपोझॉन, म्हणजे एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसणारा डीएनएचा तुकडा. अशी ‘उड्या मारणारी जनुके’ बार्बरा मॅक्लिंटॉक यांना प्रथम मक्याच्या कणसात आढळली. त्या शोधासाठी त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तिसरे साधन बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणूंनाच ग्रासणारे विषाणू. ते आपल्याबरोबर जनुके वाहून नेतात.

पटकी अर्थात कॉलरा हे याचे बोलके उदाहरण आहे. रुग्णाच्या शरीरातले पाणी घटकाभरात ओढून घेणारे विष तयार करण्याची विद्या या जंतूची मूळची नव्हे. ते जनुक त्याला अशाच एका विषाणूकडून मिळालेले आहे, हे १९९६ साली सिद्ध झाले. त्याआधी १९९२ मध्ये मद्रासला पटकीच्या जंतूचा ओ-१३९ हा नवा प्रकार प्रकटला होता. उसन्या जनुकांनी त्याचे बाह्य आवरण बदलले होते. त्यामुळे पूर्वीच्या साथींत प्रतिकारशक्ती कमावलेले प्रौढही त्याला बळी पडले.

ज्येष्ठांच्या दृष्टीने अधिक चिंतेची देवघेव औषधांना दाद न देणाऱ्या जनुकांची आहे. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ साली क्लेब्सिएला हा जंतू सापडला. कार्बापेनेम या राखीव ठेवलेल्या प्रभावी प्रतिजैविकांनाही तो जुमानत नव्हता. त्यामागचे जनुक एनडीएम-१ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच रुग्णाच्या विष्ठेतील ई-कोलाय या निराळ्या जातीच्या जंतूतही ते आढळले. देवघेव बहुधा त्याच्या आतड्यातच झाली असावी. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतुनमुन्यांपैकी २२ नमुन्यांत हे जनुक असल्याचे नोंदवले.

आपण विनाकारण प्रतिजैविक घेतो तेव्हा आतड्यातले निरुपद्रवी जीवाणू मरतात आणि प्रतिरोधाचे जनुक बाळगणारे मागे उरतात. रिकाम्या झालेल्या जागेत त्यांचीच वस्ती वाढते. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते, त्यावर या गोळ्यांचा काहीच उपयोग नसतो. उतारवयात मधुमेह, मूत्रनलिका आणि वारंवारचे रुग्णालयवास यांमुळे हा धोका वाढतो.

म्हणून घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी काही पथ्ये सांभाळावीत. पाकिटावर उभी लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या पुन्हा वापरू नयेत. शक्य तेथे प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी लघवी किंवा थुंकीचा ‘कल्चर’साठी नमुना द्यावा. मात्र प्रकृती गंभीर असल्यास डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतील, त्याला आडकाठी करू नये. गेल्या तीन महिन्यांत कोणती प्रतिजैविके घेतली, याची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. लघवीत जंतू दिसले, पण जळजळ, ताप यांसारखा कोणताही त्रास नसला, तर वृद्धांना पुष्कळदा औषधाची गरज नसते. तो निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. लघवीची पिशवी नेहमी कमरेखाली ठेवावी आणि ती रिकामी करण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. महापुराच्या दिवसांत पिण्याचे पाणी उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्यावे.

जंतूंची आपसांतली देवघेव आपल्याला थांबवता येणार नाही. ती आपल्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. पण औषध गरजेपुरतेच घेतले आणि हात व पाणी स्वच्छ राखले, तर प्रतिरोधाचे विरजण आपल्या घरात लागण्याचा संभव पुष्कळच कमी होतो.