हृदय-शस्त्रक्रियेतील मस्तिष्क रक्ताभिसरण

हृदय-शस्त्रक्रियेतील मस्तिष्क रक्ताभिसरण : हृदय किंवा त्यातून निघणारी महारोहिणी यांवर शस्त्रक्रिया चालू असताना मेंदूचा रक्तपुरवठा अबाधित राखणे आणि तो तात्पुरता थांबवावा लागल्यास मेंदूस इजा होऊ न देणे, या दोन्हींचा समावेश या विषयात होतो. हृदयाचा दोष पूर्णपणे दूर झाला, पण रुग्ण शुद्धीवर आला नाही किंवा त्यास पक्षाघात झाला, तर शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे म्हणता येत नाही.

मेंदूची गरज : प्रौढ व्यक्तीच्या मेंदूचे वजन सु. १·४ किग्रॅ., म्हणजे शरीराच्या वजनाच्या सु. २ टक्के असते. तथापि विश्रांत अवस्थेत हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सु. १५ टक्के रक्त व शरीरास लागणाऱ्या ऑक्सिजनापैकी सु. २० टक्के ऑक्सिजन एकट्या मेंदूस लागतो. हे रक्त मानेतील दोन ग्रीवा रोहिण्या व मणक्यांलगतच्या दोन कशेरुक रोहिण्या यांतून येते. मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा एकमेकींस जोडल्या जाऊन एक वलय तयार होते. टॉमस विलिस या इंग्रज वैद्यांनी १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले व ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मेंदूत ऑक्सिजनाचा साठा जवळजवळ नसतो. त्यामुळे अभिसरण थांबताच सु. दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि शरीराच्या नेहमीच्या तापमानास चार-पाच मिनिटांनंतर तंत्रिका कोशिकांना कायमची इजा होऊ लागते.

इतिहास : चार-पाच मिनिटांच्या या मर्यादेमुळे हृदय उघडून शस्त्रक्रिया करणे दीर्घकाळ अशक्य मानले जाई. टोराँटो येथील बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास कुत्र्यांवरील प्रयोगांत शरीर थंड केल्यास ऑक्सिजनाची गरज घटते, असे दाखविले. या तत्त्वावर २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा येथे लूइस यांनी एका बालिकेच्या हृदयकर्णिकांमधील पडद्याचे छिद्र बंद केले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे गिबन यांनी हृद्-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने अशीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्यामुळे शस्त्रक्रियेस मिळणारा अवधी मिनिटांवरून तासांवर गेला. भारतातील पहिले हृदय-प्रतिरोपण मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल (के. ई. एम.) रुग्णालयात प्र. कु. सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी केले. रुग्ण काही तासच जगला. जुने हृदय काढल्यापासून नवे कार्य करू लागेपर्यंत मेंदूचे जीवन सर्वस्वी यंत्रावर अवलंबून असते, ही गोष्ट अशा शस्त्रक्रियेत विशेष स्पष्ट होते.

यंत्राद्वारे अभिसरण : नीलांतील रक्त यंत्रात घेऊन त्यात ऑक्सिजन मिसळतात व ते पंपाने महारोहिणीत परत सोडतात. प्रौढांत दर चौ. मी. शरीरपृष्ठास मिनिटाला सु. २·२ ते २·४ लिटर प्रवाह ठेवतात आणि माध्य रक्तदाब सामान्यतः ५० ते ८० मिमी. पारा इतका राखतात. दाब कमीजास्त झाला, तरी मेंदूतील रोहिण्या आकुंचन-प्रसरणाने प्रवाह स्थिर ठेवू शकतात. परंतु या स्वयंनियंत्रणाची खालची मर्यादा व्यक्तिपरत्वे बदलते. दीर्घकालीन उच्च रक्तदाब असलेल्या व वृद्ध रुग्णांत ती वरच्या बाजूस सरकलेली असू शकते. म्हणून एकाला पुरेसा ठरणारा दाब दुसऱ्यास अपुरा पडतो.

महारोहिणी-कमानीवरील शस्त्रक्रिया : मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या महारोहिणीच्या कमानीतूनच निघतात. त्यामुळे ही कमान बदलताना नेहमीच्या मार्गाने यंत्राचे रक्तही मेंदूस देता येत नाही. अशा वेळी तीन उपाय योजतात.

(१) खोल शीतन : तापमान १° से. ने उतरले की मेंदूची चयापचयी गरज सु. ६ ते ७ टक्क्यांनी घटते. शरीर १८° ते २०° से. पर्यंत थंड करून अभिसरण पूर्ण थांबविल्यास सु. ३० मिनिटे तुलनेने सुरक्षित मिळतात. ४० मिनिटांपुढे पक्षाघाताचा धोका वाढतो. ग्रीप यांनी १९७५ मध्ये ही पद्धत रूढ केली. शीतनाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व शस्त्रक्रियेचा एकूण काळही वाढतो.

(२) प्रतिगामी अभिसरण : वरच्या महानीलेतून उलट दिशेने थंड रक्त सोडतात. याने मेंदू थंड राहतो, परंतु त्याच्या पोषणास मिळणारे रक्त अल्प असते.

(३) अग्रगामी अभिसरण : काखेतील रोहिणीतून किंवा थेट ग्रीवा रोहिण्यांतून दर किग्रॅ. वजनास मिनिटाला सु. १० मिलि. रक्त केवळ मेंदूस पुरवितात. यात शरीर २०° ते २८° से. पर्यंतच थंड केले तरी चालते. एकाच बाजूने रक्त दिल्यास दुसरी बाजू विलिस वलयावर विसंबते. ते सर्वांत पूर्ण नसल्याने गरजेनुसार दोन्ही बाजूंनी रक्त द्यावे लागते.

अंतर्कीलन व देखरेख : प्रवाह पुरेसा असूनही हवेचे बुडबुडे किंवा महारोहिणीच्या भित्तीवरील मेदयुक्त थराचे कण मेंदूच्या रोहिणीत अडकल्यास पक्षाघात होतो. हा धोका टाळण्यासाठी यंत्रात गाळणी बसवितात, छातीच्या पोकळीत कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात व महारोहिणीस चिमटा लावण्याची जागा श्राव्यातीत ध्वनितरंगांनी तपासतात. कपाळावर लावलेल्या संवेदकांतून अवरक्तसमीप प्रकाश सोडून मेंदूतील ऑक्सिजनाचे प्रमाण सतत पाहतात. ते मूळच्या पातळीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक घटल्यास कारण त्वरित शोधतात. शेवटी शरीर पुन्हा उबदार करताना रक्त ३७° से. पेक्षा अधिक तापू देत नाहीत, कारण या टप्प्यात अतिउष्णतेने मेंदूची इजा वाढते.

वेळेचे महत्त्व : महारोहिणीचा आतील थर फाटून रक्त भित्तीत शिरण्याच्या विकारात (महारोहिणी विदारणात) हृदयालगतचा भाग फाटला असल्यास उपचाराअभावी पहिल्या दोन दिवसांत मृत्यूचा धोका दर तासाला सु. १ ते २ टक्क्यांनी वाढतो. अचलपूरहून अमरावती सु. ५० किमी. व नागपूर सु. २०० किमी. दूर आहे. राज्य शासनाने २०१२ मध्ये अमरावतीसह आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या या योजनेमुळे हृदय-शस्त्रक्रियांच्या खर्चाचा भार पात्र कुटुंबांवरून उतरला. अंतर मात्र कायम आहे. शस्त्रक्रियागृहात शीतनाने व स्वतंत्र अभिसरणाने मेंदूसाठी मिळविलेली मिनिटे रुग्ण तेथे वेळेत पोहोचला तरच उपयोगी पडतात. छातीत वा पाठीत अकस्मात फाडल्यासारखी तीव्र वेदना उठणे हे या विकाराचे प्रमुख लक्षण असून ते ओळखून रुग्णास विनाविलंब पुढे पाठविणे हा मस्तिष्क-रक्षणाचाच पहिला टप्पा होय.