गल्ल्यावर यादी दिसते, गोदामात का दिसत नाही?

कापड, भांडी, हार्डवेअर अशा धंद्यांतील आपल्या अनेक बांधवांनी मालाचा व उधारीचा हिशेब संगणकावर नेला आहे. हा प्रोग्राम पुष्कळदा ब्राउझरमध्ये उघडतो. मुख्य संगणक गल्ल्यावर असतो. गोदामातला किंवा कारखान्यातला माणूस दुसऱ्या संगणकावर अथवा मोबाईलवर तीच माहिती पाहतो. त्यासाठी इंटरनेट लागतेच असे नाही, दुकानातला राऊटर पुरतो.

यात एक तक्रार नेहमीची आहे. गोदामात पान उघडते, दुकानाचे नाव आणि रकाने दिसतात, पण मालाची यादी कोरी! गल्ल्यावर मात्र सर्व ठीक. गर्दीच्या दिवसांत शिल्लक दिसली नाही की एकच ठाण दोन गिऱ्हाइकांना कबूल केले जाते आणि बाजारात शब्द जातो. अशा वेळी नवा राऊटर गळ्यात मारणारेही लगेच भेटतात. आमच्या मते आधी दोष कुठे आहे ते पाहावे, खर्चाचे नंतर.

पान आणि माहिती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पान प्रथम येते आणि मग ते माहिती मागवते. ही मागणी कोणत्या पत्त्यावर जाते, यातच बहुतेक वेळा गोम असते. प्रोग्राम तयार करणारा आपल्या सोयीसाठी 'लोकलहोस्ट', म्हणजेच १२७.०.०.१, हा पत्ता लिहून ठेवतो. या पत्त्याचा अर्थ 'मी स्वतः' असा आहे. गल्ल्यावरच्या संगणकाने तो वापरला तर काम होते, कारण माहिती तिथेच आहे. गोदामातला मोबाईल तोच पत्ता वापरतो तेव्हा तो स्वतःच्याच पोटात यादी शोधतो. तिथे ती कशी सापडणार?

तपासणी सोपी आहे. गल्ल्यावरच्या संगणकात कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजीत द्यावी. १९२.१६८.१.१० असा काहीसा पत्ता दिसेल. गोदामातल्या संगणकावर पान उघडून एफ-१२ दाबावे, 'नेटवर्क' हा भाग निवडावा व पान पुन्हा उघडावे. लाल झालेल्या ओळीत 'लोकलहोस्ट' असेल तर चोर सापडला. प्रोग्रामवाल्याला सांगावे की पान ज्या पत्त्यावरून आले, माहितीही त्याच पत्त्यावरून मागवण्याची सोय कर.

ओळीत पत्ता बरोबर असेल तर तोच पोर्ट नंबरासह ब्राउझरमध्ये टाकावा. (पोर्ट म्हणजे एकाच इमारतीतला गाळा नंबर समजावा.) माहिती अक्षरांत दिसली, किंवा नुसता '४०४' आकडा आला, तरी संगणक गाठला गेला हे नक्की. मग दोष बहुधा प्रोग्रामचा. पान एका पोर्टवर आणि माहिती दुसऱ्या पोर्टवर असली तर ब्राउझर त्यांना परके मानतो, आणि माहिती देणाऱ्या प्रोग्रामने परवानगी दिल्याशिवाय ती पानाच्या हाती पडू देत नाही. ही परवानगी प्रोग्रामवाल्यानेच घालायची असते.

काहीच उत्तर आले नाही तर दोन गोष्टी पाहाव्यात. माहिती देणारा प्रोग्राम फक्त १२७.०.०.१ वरच कान देऊन बसलेला असू शकतो, त्याला ०.०.०.० वर, म्हणजे सर्व बाजूंनी ऐकायला लावावे लागते. दुसरा अडसर विंडोजच्या फायरवॉलचा. दुकानाचे जाळे 'पब्लिक' म्हणून नोंदले गेले असेल तर ते 'प्रायव्हेट' करावे आणि तेवढाच एक पोर्ट उघडावा. काही कारागीर घाईत संपूर्ण फायरवॉल बंद करून जातात, किंवा राऊटरमधून बाहेरच्या जगाला वाट काढून देतात. हे मुळीच करू देऊ नये, आपली उधारीची वही रस्त्यावर उघडी ठेवण्यासारखेच ते आहे.

मोबाईल सिमच्या डेटावर नाही ना, 'गेस्ट' वायफायला जोडलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे. गेस्ट वायफाय बहुधा दुकानातल्या इतर यंत्रांपर्यंत पोहोचू देत नाही.

काल चालत होते आणि आज बंद, असे झाले तर बहुधा राऊटरने गल्ल्यावरच्या संगणकाला नवा पत्ता दिलेला असतो. राऊटरमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. पाच मिनिटांचे काम आहे, जोडणी करतानाच ते करून घ्यावे.